दुर्धर कर्करोगातील वेदना आणि ॲक्युपंक्चर

वऱ्हाडात खर्ऱ्याची सवय जुनी, आणि तोंडाचा कर्करोगही येथे अनोळखी राहिलेला नाही. पुष्कळांचे निदान उशिरा होते. नागपूर वा मुंबई येथील उपचार आटोपून रुग्ण दर्यापूर, अकोट वा बाळापूर तालुक्यातील आपल्या गावी परततो, तेव्हा रोगापेक्षाही वेदना हाच घरापुढील मुख्य प्रश्न होऊन बसतो. रात्र निघत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, सुया टोचून दुखणे थांबते म्हणे. आणि घरची माणसे गुरुजींना किंवा सरपंचांना विचारावयास येतात. त्यांना काय सांगावे?

ही विद्या मूळ चीनची. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ती शिकून कलकत्त्यास आणली. केसासारख्या बारीक, निर्जंतुक सुया शरीरावरील ठराविक बिंदूंवर टोचून सुमारे वीस ते तीस मिनिटे ठेवतात. त्यामुळे मज्जासंस्था उत्तेजित होऊन वेदना शमविणारी द्रव्ये शरीरातच स्रवतात, असे संशोधनातून दिसून आले आहे.

कर्करोगाच्या वेदनेवर तिचा उपयोग किती, याविषयी तज्ज्ञांचे मत सावध आहे. २०१५ च्या एका आढाव्याने पुरावा अपुरा ठरविला. २०२० च्या दुसऱ्या आढाव्यात वेदना कमी झाल्याचे आढळले. २०२२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने इतर उपचारांच्या जोडीने ती देता येईल, असे म्हटले. जोडीने, हा शब्द महत्त्वाचा. सुईने गाठ विरघळत नाही. तसा दावा करणाऱ्याच्या दारातून परत फिरावे, हे उत्तम.

तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध आजही मॉर्फिन हेच आहे. त्याच्या नावाने लोक उगाच बिचकतात. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते मिळविणे सुलभ झाले. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (लोकांच्या तोंडी अजूनही 'इर्विन') किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथील डॉक्टरांकडे प्रथम त्याचीच चौकशी करावी. सुरू असलेल्या गोळ्या सुयांसाठी स्वतःहून बंद करू नयेत.

सुया लावणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे काय, हे विचारण्यास संकोच नको. महाराष्ट्राने २०१५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आहे. रक्तातील प्लेटलेट अथवा पांढऱ्या पेशी घटल्या असल्यास रक्तस्राव व जंतुसंसर्गाचे भय असते. गाठीच्या जागी किंवा सुजलेल्या हातात सुई टोचू नये. म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांची संमती आधी घ्यावी.

शिक्षकांना येथे एक लहानसे काम करता येण्यासारखे आहे. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे मानून रुग्णाने सांगितलेला आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिण्यास घरातील शाळकरी मुलास शिकवावे. सुयांच्या चार-सहा बैठकींनंतरही आकडा उतरला नाही, तर तो प्रवास व खर्च थांबवून वही डॉक्टरांपुढे ठेवावी. औषधाची मात्रा वाढविण्यास त्यांना तीच उपयोगी पडते.