बँजो, ठेका आणि शबूझी

शबूझी हे नाव एका चुकीच्या उच्चारातून आले. गायकाचे खरे नाव कॉलिन्स ओबिन्ना चिबुएझे. शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाला हे आडनाव काही केल्या नीट म्हणता येईना, आणि त्याच्या तोंडी जे बसले तेच मुलाने पुढे रंगमंचासाठी घेतले. इग्बो भाषेत चिबुएझे म्हणजे ‘देव हाच राजा’. आईवडील नायजेरियाचे, जन्म १९९५ चा, वाढ अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात वुडब्रिज येथे. मधली दोन वर्षे नायजेरियातल्या निवासी शाळेत. घरी वडील कंट्री गाणी लावत, बरोबरीच्या मुलांत रॅप चाले. त्याच्या गाण्यात हे दोन्ही ओढूनताणून आलेले वाटत नाही, ते यामुळेच.

कंट्री आणि हिप-हॉप यांचा मेळ अनेकांना आजही विजोड वाटतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. कंट्रीची ओळख बनलेला बँजो हे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वाद्य. भोपळ्यावर कातडे ताणून ते बनवीत. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोरे आणि काळे गायक एकमेकांच्या चाली सर्रास उचलत. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या मालाची दोन याद्यांत वाटणी केली : काळ्यांसाठी ‘रेस’, गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. ही भिंत दुकानदारीची होती, संगीताची नव्हे. कंट्री गाणाऱ्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांत गाणी गोळा करत हिंडत, तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक त्यांच्या सोबत असे. ऐकलेली चाल ध्यानात ठेवण्याचे काम त्याचे. १९३० मध्ये कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या एका ध्वनिमुद्रिकेत जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेट वाजवला, पण तबकडीवर त्याचे नाव छापले गेले नाही. गिटारच्या साथीवर अर्धवट बोलत, अर्धवट गात गोष्ट सांगण्याची ‘टॉकिंग ब्लूज’ ही रीतही त्याच काळातली. लोकगायक वुडी गथ्रीने ती लोकगीतांत रुळवली, आणि रॅप तिच्यापासून फार लांब नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. १९९८ मध्ये एव्हरलास्ट या रॅपरने हिप-हॉपच्या ठेक्यावर साधी गिटार घेऊन ‘व्हाइटी फोर्ड सिंग्ज द ब्लूज’ हा अल्बम केला. २०१९ मध्ये रॅपर लिल नास एक्सचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री लोकप्रियता यादीतून वगळले गेले. कंट्री गायक बिली रे सायरससोबतच्या नव्या आवृत्तीसह ते मुख्य यादीत १९ आठवडे अव्वल राहिले.

शबूझीला मात्र वाट पाहावी लागली. ‘लेडी रँग्लर’ (२०१८) आणि ‘काउबॉइज लिव्ह फॉरेव्हर, आउटलॉज नेव्हर डाय’ (२०२२) या अल्बमांनी मोठा श्रोता दिला नाही. तो मिळाला एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ‘अ बार साँग (टिप्सी)’मुळे. जे-क्वॉनच्या २००४ मधल्या ‘टिप्सी’ या रॅप गाण्यातली एकापासून चारपर्यंतची मोजणी त्याने तशीच ठेवली आणि भोवतालचे सगळे बदलले. क्लबच्या जागी बार आला, यंत्राच्या ठोक्यांपुढे गिटार आणि टाळ्या आल्या, ध्रुपद घोळक्याने म्हणण्याजोगे झाले. कडव्यात आहे तो दिवसभर राबणारा माणूस : बायकोची महागड्या पिशवीची हौस, पेट्रोल आणि वाणसामानाचा वाढता खर्च, आणि संध्याकाळचा ग्लास. कष्टकऱ्याचे हे रडगाणे कंट्रीत जुनेच. ते रॅपच्या मोजणीवर बसवणे ही शबूझीची कारागिरी. गाणे १९ आठवडे अव्वल राहिले आणि ‘ओल्ड टाउन रोड’शी बरोबरी झाली. या वेळी कंट्री यादीनेही दार लावले नाही. तिथे त्याने बियॉन्सेच्या ‘टेक्सस होल्ड एम’ला मागे टाकले. एका काळ्या कलावंताकडून दुसऱ्याकडे पहिला क्रमांक जाण्याची त्या यादीतली ही पहिलीच वेळ.

मे २०२४ च्या ‘व्हेअर आय हॅव बीन, इझन्ट व्हेअर आय अ‍ॅम गोइंग’ या अल्बममध्ये त्याचा खरा आवाका कळतो. एका गाण्यात टेक्ससचा रॅपर बिगएक्सदप्लग आहे, दुसऱ्यात बिली रे सायरसची मुलगी नोआ. ‘हायवे’ हे संथ गाणे ‘अ बार साँग’पेक्षा सरस आहे. बारमध्ये जी दारू चार मित्रांची होती, तीच इथे एकट्या माणसाची होते, आणि घोगरा, किंचित मागे रेंगाळणारा आवाज ते शब्दांहून अधिक सांगतो. पुढे पाच ग्रॅमी नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्तम नवोदित कलावंताचेही होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’मधील ‘स्पॅगेटी’ या गाण्यात शबूझीसोबत लिंडा मार्टेलचाही आवाज आहे. १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री कार्यक्रमाच्या रंगमंचावर एकटीने गाणारी ती पहिली काळी स्त्री. कंट्रीचे केंद्र असलेल्या या शहरात तिचा जम बसू दिला गेला नाही आणि ‘कलर मी कंट्री’ (१९७०) हा तिचा एकच कंट्री अल्बम निघाला. शबूझी आवडलेल्या वाचकाने तो जरूर मिळवून ऐकावा.