राजांचे किनखाब आणि रानातील कोसा

चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडे जी राने आहेत त्यांत ऐनाचे झाड ओळखीचे. या ऐनाच्या व अर्जुनाच्या पानांवर टसराचा किडा पोसतो व स्वतःभोवती कोसा विणतो. देवपूजेच्या वेळी सोवळे म्हणून आपण जे टसरी वस्त्र नेसतो, त्याचा उगम अशाच रानांत आहे.

परंतु रेशीम म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते राजदरबारचे किनखाब. चौदाव्या शतकातील अल्-उमरी हा अरब ग्रंथकार सांगतो की, महंमद तुघलकाच्या पदरी सोनेरी वस्त्रे विणणारे 500 कारागीर होते. ती वस्त्रे सुलतानाच्या अंतःपुरात जात आणि अमीरांना व त्यांच्या स्त्रियांना नजराणा म्हणून मिळत. या सुलतानाने 1327 साली राजधानी देवगिरीस आणली. औरंगाबादेची हिमरू याच सुमारास रुजली असे परंपरा मानते. हिमरू म्हणजे रेशमास सुताची जोड देऊन केलेली किनखाबाची स्वस्त प्रतिकृती!

त्या वस्त्रांतील सोने तरी किती? चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती जंतराच्या उत्तरोत्तर बारीक छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढायची, तार चेपून बादला करायचा व तो रेशमी धाग्यावर गुंडाळायचा, हीच कलाबतू. म्हणजे सोने केवळ वरच्या कातडीपुरते, आत सारी चांदी. तीही पुढे वस्त्राच्या मुळावर आली. जरीसाठी जुने शेले-शालू जाळण्याची चाल आपल्या घरांतूनही होतीच की!

किनखाबाला तुतीचे गुळगुळीत रेशीम लागे. टसराचा धागा मातकट, कमीजास्त जाडीचा आणि रंग सहज न घेणारा. म्हणून सोवळ्याचा मान त्याला मिळाला, सिंहासनाचा नाही. त्यामागचे श्रम मात्र थोडे नव्हेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडील ढिवर कुटुंबे पाच-सहा आठवडे झाडाखाली राखण करतात. पाखरे, मुंग्या व पाऊस हे तिघेही वैरी.

सोवळ्याच्या शुद्धतेविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण पुढची गोष्ट सहसा बोलत नाही. धागा अखंड निघावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारावा लागतो. तो बाहेर पडू दिला तर कोसा फुटतो आणि सलग धागा मिळत नाही; कापसाप्रमाणे कातूनच सूत काढावे लागते. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतून पतंग सुटतात, त्या फुटक्या कोशांचे असेच सूत होते. ते भरड दिसते, पण सोवळ्याला चालण्यास कोणती हरकत आहे?