पेटीतला वारा आणि बाहेरचा बाजार

२००३ च्या सुरुवातीला एनव्हिडिया कंपनीचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं आणि त्याने पडद्यावर काढलेल्या चित्रांपेक्षा त्याने केलेल्या आवाजाचीच चर्चा जास्त झाली. कार्डावरचा छोटा ब्लोअर भरवेगात फिरू लागला की हेडफोन लावण्यावाचून गत्यंतर नसे. अमेरिकेतल्या गेमर मंडळींनी त्याचं नाव ‘डस्टबस्टर’ ठेवलं. तिकडे हातात धरायच्या छोट्या व्हॅक्यूम क्लीनरला तसं म्हणतात. टीका इतकी झाली की एनव्हिडियाने स्वतःच एक गमतीची चित्रफीत काढली. तीत हे कार्ड अंगणातला पाचोळा उडवायच्या यंत्राला जोडलेलं होतं. काही महिन्यांतच कंपनीने ५९०० ही सुधारित आवृत्ती आणली आणि तो ब्लोअर मागे पडला.

त्या कार्डाला वीज लागत होती साधारण ७५ वॉट. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ला लागते ५७५ वॉट, म्हणजे जवळजवळ आठपट. तरीही चांगल्या बांधणीचं ५०९० त्या जुन्या कार्डापेक्षा कितीतरी हळू आवाजात चालतं. उष्णता आठपट झाली आणि आवाज मात्र उतरला. हे कसं घडलं ते पाहिलं की डेस्कटॉप संगणक अजून का टिकून आहे, तेही बरंचसं उलगडतं.

चिपमध्ये गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. भारी ग्राफिक्स कार्ड आणि तितकाच तगडा प्रोसेसर असलेल्या पीसीवर जोरात गेम चालू असेल, तर तो खोलीत लावलेला पाऊण किलोवॅटचा हीटरच असतो. ही उष्णता चिपपासून हीटसिंकच्या धातूत, धातूपासून हवेत आणि हवेबरोबर कॅबिनेटबाहेर गेली पाहिजे. शेवटची दोन कामं पंख्यांची. आवाज तिथेच होतो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, अवघा ६३.५ वॉटचा होता आणि त्यातल्या ८०८८ प्रोसेसरवर पंखा सोडाच, हीटसिंकही नव्हता. पुढची वीसेक वर्षं ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि त्यांना लागणारं व्होल्टेजही उतरत गेलं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी हा हिशेब १९७४ मध्येच मांडून ठेवला होता. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी मोठी बचत होते आणि त्या बचतीवर वेग वाढवता येतो. २००४ च्या सुमारास मात्र ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं. इंटेलचा प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ शंभर वॉटच्या पुढे गेला. त्याचा ठरलेला वारसदार, तेजस, कंपनीने मे २००४ मध्ये रद्द केला आणि त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेतही सोडून दिला. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला तो ६५ वॉटचा. उष्णतेने एका बलाढ्य कंपनीला रस्ता बदलायला लावला, असं म्हणण्यात काही अतिशयोक्ती नाही.

पंख्यालाच फाटा देण्याचे प्रयत्नही झाले. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. त्यांच्या आग्रहामुळे १९८० चा अ‍ॅपल ३ पंख्याविना आला आणि तापण्याच्या तक्रारींनी बदनाम झाला. २००० मध्ये आलेला पॉवर मॅक जी४ क्यूब देखणा होता, शांतही होता. पण महाग पडला आणि वर्षभरात त्याचं उत्पादन थांबलं. त्यानंतर, २००२ मध्ये, त्याच कंपनीचा एक जी४ इतका गोंगाट करू लागला की ग्राहक त्याला ‘विंड टनेल’ म्हणू लागले. शेवटी अ‍ॅपलला त्याच्यासाठी बदली पंखा आणि एसएमपीएस द्यावा लागला. २०२० मध्ये एम१ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये मात्र कंपनीला पंख्याविना चालणारा यशस्वी संगणक गवसला. अर्थात तो लॅपटॉप आहे आणि चिपची भूक कमी आहे म्हणून ते साधलं.

भूक कमी नसेल तर मार्ग एकच: पंखा मोठा घ्यायचा आणि हळू फिरवायचा. हा नियम कारखान्यातल्या ब्लोअरपासून संगणकापर्यंत सगळीकडे लागू पडतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी येते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आता निम्म्या वेगाने फिरणारे तसलेच दोन पंखे लावा. हवा जवळपास पहिल्याइतकी येईल आणि दोन पंख्यांमुळे आवाजात भर पडेल ती फक्त ३ डेसिबलची. म्हणजे निव्वळ कमाई १२ डेसिबलची. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. पंख्याचा व्यास ८० मिलिमीटरवरून १२० वर नेला, तर त्याच वेगात हवा तिपटीहून जास्त मिळते. डस्टबस्टरचा ब्लोअर छोटा होता, म्हणून त्याला जीव तोडून फिरावं लागलं. आजच्या कार्डावर दोन-तीन रुंद पंखे असतात आणि हलकं काम चालू असलं की ते चक्क थांबतात.

आवाजाची पातळी आणि आवाजाची जात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा दुसरीबद्दल काहीच सांगत नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा कुठल्याही एका जागेवरून सेकंदाला १४० पाती जातात आणि तितक्या कंपनांचा एक सूर तयार होतो. शेजारी जवळपास त्याच वेगाचा दुसरा पंखा असला की दोन्ही सूर एकमेकांत मिसळून लाटांसारखी वर-खाली होणारी घुमघुम ऐकू येते. ती डेसिबलमध्ये किरकोळ असते, पण डोकं उठवते. स्वस्त पंख्यातलं स्लीव्ह बेअरिंग कोरडं पडलं की खरखर सुरू होते. ग्राफिक्स कार्डातल्या कॉइल वीज जोरात ओढताना बारीक किणकिणतात. त्याला तर पंखा जबाबदारच नसतो आणि पंखा बदलून ते जातही नाही.

ऑस्ट्रियातली नॉक्टुआ ही कंपनी २००५ पासून पंख्यांचा आवाज कमी करण्याच्या एकाच गोष्टीवर पोट भरते आहे. तिचे पंखे फिक्या पिवळट आणि तपकिरी रंगाचे असतात. दिसायला ते अनेकांना आवडत नाहीत, तरी गेमर ते हौसेने घेतात. २०१८ च्या तिच्या एका १२० मिलिमीटरच्या पंख्यात पातं आणि चौकट यांच्यात फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली आहे. साधं प्लास्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने वर्षानुवर्षांत किंचित ताणलं जातं आणि पातं चौकटीला घासू शकतं. म्हणून त्यासाठी वेगळं, ताठ पॉलिमर वापरलं गेलं. एका पंख्यासाठी इतका खटाटोप करणारे लोक जगात आहेत, ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे.

भारतात या सगळ्या गणितात एक आकडा बदलतो: खोलीचं तापमान. युरोपातल्या चाचणीच्या खोलीत २० अंश असतात. तिथे ७० अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत, पंख्याचा वेग तोच ठेवला तर, ८८ अंशांच्या आसपास जातो. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोन्हींमधलं अंतर राखतो. त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्यातला पीसी तोच गेम चालवताना जास्त ओरडतो, यात बिघाड काहीच नसतो. धूळ ही दुसरी अडचण. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर बसला की पंखा कितीही फिरो, हवा आत शिरतच नाही. समोरून जाळीदार असलेलं कॅबिनेट, निघणारं फिल्टर आणि पावसाळा संपल्यावर एकदा ब्लोअरने सफाई, इतक्याने आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी मिटतील. बंद काचेच्या, आत रंगीबेरंगी दिवे असलेल्या कॅबिनेटवर पैसे घालण्याआधी हा विचार जरूर व्हावा.

डेस्कटॉपने गेमिंगकडे वळायचं कारण उघड आहे. पत्र टाईप करायला किंवा हिशेब ठेवायला आज कुणालाच मोठ्या पेटीची गरज उरलेली नाही. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात लॅपटॉपची विक्री पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेली आणि ती पुन्हा मागे आली नाही. भारतात खेळ खेळणाऱ्यांची मोठी फौज तर मोबाइलवरच आहे. डेस्कटॉपला धरून राहिले ते भारी गेम खेळणारे, व्हिडिओ एडिटिंग करणारे, थ्री-डी आराखडे काढणारे आणि गेम बनवणारे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जगापुढे आणला. त्या तऱ्हेचं काम तासन्‌तास चालतं आणि ते करणाऱ्याला पंख्याचा आवाज दिवसभर सोबत करतो. या सगळ्यांना पेटीतली मोकळी जागाच हवी असते. त्या जागेत मोठा पंखा मावतो, उद्या मोठं कार्ड मावतं आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, याच गरजेवर वाढला. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून कॅबिनेट घ्यायचं आणि असेंबल करून घरी न्यायचं, ही पद्धत मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी पाहिली आहे. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप, टॅबलेट आणि छोट्या आकाराच्या तयार संगणकांच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हा सुटे भाग त्यातून बाहेर राहिले आणि असेंबल करणाऱ्यांचं फारसं अडलं नाही.

मागणीची बाजू त्यामुळे वाटते तितकी खचलेली नाही. स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर एकाच वेळी हजर असणाऱ्यांचा आकडा २०२५ मध्ये ४ कोटींच्या पुढे गेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नसल्यामुळे असंख्य संगणक बदलावे लागणार आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम मशीन नावाचा छोटासा, घनाकार गेमिंग संगणक जाहीर केला. त्याच्या पोटातली बरीचशी जागा हीटसिंक आणि १२० मिलिमीटरच्या एका पंख्याने व्यापली आहे. प्रोसेसरवाल्यांनाही शहाणपण सुचतं आहे. एएमडीचा २०२३ चा रायझेन ७ ७८००एक्स३डी चिपवर कॅश मेमरीचा जादा थर चढवून गेमिंगमध्ये कितीतरी जास्त वीज खाणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीने, काही गेममध्ये त्यांच्याही पुढे पळतो.

खरी चिंता पुरवठ्याची आहे. २०२२ च्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची गेमिंगमधली कमाई सुमारे साडेबारा अब्ज डॉलर होती आणि डेटा सेंटरची त्याहून कमी. २०२५ च्या आर्थिक वर्षात डेटा सेंटरची कमाई ११५ अब्जांवर गेली आणि गेमिंग ११ अब्जांच्या आसपासच राहिलं. ज्या कंपनीला गेमर लोकांनी मोठं केलं, तिच्या लेखी तो ग्राहक आता वहीच्या समासात गेला आहे. आधी क्रिप्टोवाल्यांनी कार्डं पळवली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने ग्राफिक्स कार्डांची गरज न उरणारी पद्धत स्वीकारली आणि ती लाट ओसरली. एआयची लाट मात्र मेमरीच गिळते आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुपटी-तिपटीने चढले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला जवळपास तीस वर्षांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते. त्यातला एक दुकानाच्या काउंटरवरून उठून गेला.

गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तिथे जोडणी आणि चाचणी होते. सिलिकॉनच्या चकत्या तिथे बनत नाहीत. अमेरिकेत आयडाहोमधला तिचा नवा कारखाना २०२७ मध्ये पहिलं उत्पादन देईल असं कंपनीचं म्हणणं आहे. तोवर ज्याच्याकडे चार-पाच वर्षांचा चालता पीसी आहे, त्याने त्यातली रॅम जपून ठेवावी. नवा पीसी घेण्याऐवजी कॅबिनेटचे पुढचे दोन पंखे बदलावेत, हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट नव्याने लावावी, गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या वेगाइतकीच ठेवावी. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवत असताना कार्डाने १८० काढण्यात फक्त वीज जाते आणि वारा घोंगावतो. हा सगळा खर्च अजून तरी काही हजारांत बसतो.