ट्रकचं जुनं ७.४ लिटर व्ही-८ इंजिन कमी खर्चात कसं बांधतात? पैसे आधी कुठे घालायचे ते समजून घ्या

यूट्यूबवर असे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये भंगारातून आणलेलं ट्रकचं भलंमोठं इंजिन खोलतात आणि शेवटच्या मिनिटाला ते गरजायला लागतं. मधलं सगळं काम मात्र भराभर पळवलेलं असतं. आज मी तो मधला भाग सांगणार आहे. उदाहरण घेऊया शेव्हरोलेच्या ‘४५४’ या प्रसिद्ध इंजिनाचं.

बिग-ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन कंपन्या व्ही-८ इंजिनं साधारण दोन मापांत बनवायच्या. लहान माप म्हणजे स्मॉल-ब्लॉक, मोठं माप म्हणजे बिग-ब्लॉक. शेव्हरोलेचं ‘मार्क फोर’ बिग-ब्लॉक १९६५ मध्ये आलं आणि त्यातलंच ४५४ हे १९७० मध्ये. ४५४ म्हणजे ४५४ घन इंच, आपल्या हिशोबात ७.४ लिटर. बोअर सुमारे १०८ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. त्यामुळे एकच सिलिंडर ९३० सीसीचा होतो. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं, यावरून अंदाज घ्या!

एवढं मोठं इंजिन, मग ताकद कमी का?

१९९० च्या शेव्हरोले ४५४ एसएस पिकअपमध्ये हेच इंजिन २३० हॉर्सपॉवर द्यायचं. १९७० मध्ये शेव्हेल कारमधल्या एलएस-६ या ४५४ चा आकडा ४५० होता. (हे दोन आकडे थेट ताडून बघू नका. १९७० चा आकडा फॅन, पूर्ण एक्झॉस्ट वगैरे न लावता मोजलेला आहे. पण तेवढं सोडलं तरी फरक मोठाच राहतो.)

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. ट्रकला वेग नको असतो, ओझं ओढायचं असतं. म्हणून त्याला कमी आरपीएमवरच भरपूर टॉर्क मिळेल असं बांधलं. ४५४ एसएसमध्ये १६०० आरपीएमलाच सुमारे ५२२ न्यूटन-मीटर टॉर्क मिळायचा.

आता एक छोटं गणित बघा. टॉर्क (न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ७१२१ म्हणजे हॉर्सपॉवर. ३६०० आरपीएमला २३० हॉर्सपॉवर याचा अर्थ तिथे टॉर्क ४५५ पर्यंत उतरलाय. तोच ४५५ टॉर्क ५००० आरपीएमपर्यंत टिकवला, तर उत्तर येतं ३१९ हॉर्सपॉवर. इंजिन एक सीसीनंही वाढवलं नाही, फक्त वरच्या आरपीएमला त्याचा श्वास कोंडू दिला नाही. कमी बजेटच्या बांधणीचं सगळं मर्म इथेच आहे.

पायरी १ : आधी तपासणी, मग खरेदी

मला विचाराल तर पहिला पैसा चकचकीत पार्टवर नाही, मशीन शॉपमध्ये मोजमापावर जायला हवा. ब्लॉकला आणि हेडला तडा आहे का, सिलिंडर किती झिजलाय, क्रँकचे जर्नल गोल आहेत का, हे आधी बघतात. क्रँक आणि बेअरिंगमधली फट ठरवायचा जुना ठोकताळा असा : जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंच. या इंजिनाचा मेन जर्नल पावणेतीन इंचांचा, म्हणजे फट साधारण ०.०७ मिमी. डोक्याच्या केसाएवढी! इथे चूक झाली, तर वर लावलेले सगळे महागडे पार्ट एका फेरीत भंगारात.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला असलेला कास्टिंग नंबरही वाचा. १९९१ पासूनच्या ब्लॉकमध्ये क्रँकचं मागचं सील एकसंध झालं, आधी ते दोन तुकड्यांचं होतं. जुन्या-नव्या पिढीचे पार्ट डोळे झाकून एकमेकांना बसत नाहीत.

पायरी २ : होणाऱ्या खर्चातच कॉम्प्रेशन वाढवा

सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागतात. ०.०३० इंच बोअर केल्यावर आठ सिलिंडर मिळून जेमतेम १०० सीसी वाढतात. त्यानं ताकद फारशी वाढत नाही. खरा फायदा पिस्टन निवडण्यात आहे.

ट्रकच्या ४५४ चं कॉम्प्रेशन साधारण ८:१ असायचं. म्हणजे पिस्टन वर आल्यावर सुमारे १३३ सीसी जागा उरते. ९.२५:१ हवं असेल तर ती ११३ च्या आसपास आणायची, म्हणजे फक्त २० सीसी कमी. पिस्टन घ्यायचेच आहेत, तर डोक्याला कमी खळगा असलेले घ्या. किंवा पातळ हेड गॅस्केट वापरा. लोखंडी हेड आणि साधं पंपावरचं पेट्रोल असेल, तर याच्या फार पुढे जाऊ नका. ओझं ओढताना इंजिन नॉकिंग करायला लागतं आणि पिस्टन फुटतो.

पायरी ३ : हेड बदला, पण सर्वात मोठं घेऊ नका

ट्रकच्या अनेक हेडना ‘पीनट पोर्ट’ म्हणतात. हवा आत जायची वाट लहान आणि शेंगदाण्यासारखी. कमी आरपीएमला छान, वर गेलं की दम लागतो. स्वस्त उपाय म्हणजे जुन्या ४५४ ची मोठी ओव्हल पोर्ट हेड आणि त्यांना जुळणारा इनटेक मॅनिफोल्ड. रेसिंगची चौकोनी पोर्ट हेड बघून मोह होतो, पण त्यांत कमी आरपीएमला हवेचा वेग मंदावतो. मग ट्रक चढावर रडतो.

पायरी ४ : कॅमशाफ्ट आणि पहिली तीस मिनिटं

कॅम निवडताना आरपीएमची रेंज बघा. ओझं ओढायचं असेल तर आयडलपासून साडेचार-पाच हजारांपर्यंत काम करणारा सौम्य कॅम बरा. साधा फ्लॅट टॅपेट कॅम स्वस्त पडतो, पण नव्या कॅमवर नवेच टॅपेट लागतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर ठेवायचं नाही. जस्त-फॉस्फरसयुक्त ऑइल टाकून २० ते ३० मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमवर चालवायचं. नाहीतर कॅमचे उंचवटे घासून सपाट होतात आणि लोखंडाचा चुरा थेट बेअरिंगमध्ये जातो.

आपल्या कामाचं काय?

आपल्याकडे कुणी ४५४ बांधायला जाणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण पैसे खर्च करायचा हा क्रम कुठल्याही इंजिनाला लागू आहे. जुन्या बाइकचं काम काढताना मेकॅनिकला आधी विचारा : बोअर मोजला का? क्रँकमध्ये प्ले आहे का? मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची गोष्ट नंतर.

माहिती उपयोगी वाटली असेल, तर गॅरेजमध्ये रमणाऱ्या तुमच्या मित्रालाही नक्की पाठवा.