बाझेलची फर्माईश

जून १९३६मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून बुडापेस्टला एक पत्र गेलं. ते संगीतकार बेला बार्टोकच्या नावे होतं आणि पाठवणारा होता पाउल झाखर नावाचा तिशीतला कंडक्टर. त्याच्या बाझेल चेंबर ऑर्केस्ट्राला दहा वर्षं होत होती आणि त्यानिमित्त त्याला बार्टोककडून एक नवी रचना हवी होती. आपला वाद्यवृंद लहान आहे, त्याला पेलेल असं काही लिहा, आणि जमल्यास वाजवायला फार अवघड नको, अशी त्याची विनंती होती. बार्टोकनं लगोलग होकार कळवला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रचना हातावेगळी केली. 'फार अवघड नको' हे मात्र त्यानं फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

'म्यूझिक फॉर स्ट्रिंग्ज, पर्कशन अँड सेलेस्टा' हे तिचं नाव म्हणजे वाण्याकडे द्यायच्या यादीसारखं. २१ जानेवारी १९३७ रोजी ती बाझेलमध्ये पहिल्यांदा वाजली. तंतुवाद्यांचा एक ताफा मंचाच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि मधोमध पियानो, हार्प, सेलेस्टा, झायलोफोन, टिंपनी. सुरुवातीला फक्त व्हिओला, दबक्या आवाजात, 'ए' या स्वरावरून एक सरपटणारी ओळ काढतात. मग एकेक गट तीच ओळ घेऊन येतो. कुणी पंचमानं वर चढून, तर कुणी पंचमानं खाली उतरून. दोन्ही बाजूंनी दूर जात जात हे सगळे शेवटी 'ई फ्लॅट'वर एकत्र येऊन आदळतात आणि तिथून उलट्या वाटेनं परततात. 'ए'ला षड्ज मानलं तर 'ई फ्लॅट' म्हणजे आपला तीव्र मध्यम. सप्तकात षड्जापासून याहून दूरची जागा नाही. तिसऱ्या भागात झायलोफोनचा एकच स्वर आधी सावकाश, मग भराभर, मग पुन्हा सावकाश वाजतो, आणि टिंपनीवादक पायाखालच्या पेडलनं चक्क मींड काढतो. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) पाहताना ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांनी हा भाग नकळत ऐकलेला आहे.

एका दहा वर्षांच्या, वर्षाला मोजक्याच मैफली करणाऱ्या वाद्यवृंदासाठी ही चीज लिहिली गेली. बर्लिन किंवा व्हिएन्नाच्या मोठ्या नावांकडून हे का झालं नाही, याचं उत्तर झाखरनं स्वतःसाठी आखून घेतलेल्या हद्दीत आहे.

त्यानं हा वाद्यवृंद १९२६मध्ये काढला तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. सामान्य घरातला मुलगा. पुढे फेलिक्स वाइनगार्टनरकडे संचालन शिकला आणि कार्ल नेफकडे संगीताचा इतिहास. वाद्यवृंदाचा बेत साधा होता. मोत्सार्ट आणि त्याच्या आधीचं जुनं संगीत वाजवायचं, नाहीतर थेट आजचं. मधलं एकोणिसावं शतक, म्हणजे ब्राम्स, वाग्नर, चायकोव्स्की यांचा भरजरी संसार, गावातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राकडे सोपवून मोकळं व्हायचं. यात तत्त्व जेवढं होतं तेवढाच व्यवहारही. ब्रुकनरची सिंफनी उभी करायला शंभराच्या आसपास वादक लागतात. बाख आणि स्ट्राविन्स्की त्याच्या निम्म्यातही भागवतात. शिवाय त्या काळी जुन्याला आणि अगदी नव्याला, दोघांनाही वाली नव्हता. दोन वर्षांनी जोडीला गायकवृंद आला. १९३३मध्ये झाखरनं काही सहकाऱ्यांसह 'स्कोला कांटोरुम बाझिलिएन्सिस' ही संस्था काढली. जुनं संगीत जुन्या वाद्यांवर, जुन्या रीतीनं वाजवण्याचं शिक्षण देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही शाळांमध्ये तिची गणना होते आणि ती आजही चालू आहे.

बेत चांगला असला तरी पैसा लागतोच. १९३४मध्ये झाखरनं माया हॉफमन हिच्याशी लग्न केलं. माया शिल्पकलेचं शिक्षण घेतलेली, नव्या चित्रकलेची जाणती संग्राहक. तिचे पहिले पती एमानुएल हॉफमन हे हॉफमन-ला रोश या औषध कंपनीच्या संस्थापकाचे चिरंजीव. १९३२मध्ये मोटार अपघातात ते गेले होते. त्याच १९३४ साली रोशनं 'रेडॉक्सन' या नावानं प्रयोगशाळेत बनवलेलं व्हिटॅमिन सी बाजारात आणलं. पुढे १९६३मध्ये 'व्हॅलियम' आलं आणि अर्ध्या जगाला झोप मिळाली. विसाव्या शतकातलं कित्येक अस्वस्थ संगीत झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यानं पोसलं, हा योगायोग मला फार आवडतो.

राजाश्रय आपल्याला नवा नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवलं. त्या आश्रयात गवय्याला निर्वेध जगता येई आणि गाणं त्याच्या मनाप्रमाणे चाले. झाखरची रीत वेगळी होती. त्याची फर्माईश नेमकी असे: वादक कोणते, मैफल कधी, मानधन किती. मानधन ठरल्याप्रमाणे मिळे. आणि रचनाकारांना पैशापेक्षाही दुर्मीळ अशी एक गोष्ट मिळे, ती म्हणजे भरपूर तालमी. नवी रचना दोन घाईच्या तालमींत उरकण्याची रीत तेव्हाही होती आणि आजही आहे. झाखरकडे कागदावरचा प्रत्येक स्वर ऐकू येईपर्यंत घासून घेतला जाई.

मग युद्ध आलं. १९३८च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनू झाखर दांपत्याच्या शोएनेनबर्ग इथल्या घरी राहून दोन तंतुवृंद, पियानो आणि टिंपनी यांच्यासाठी 'डबल कॉन्चेर्तो' लिहीत होता. तो पुरा होत असतानाच म्युनिक करारानं त्याच्या देशाचा लचका तोडला. पुढच्या ऑगस्टमध्ये बार्टोक झाखरच्या डोंगरातल्या सानेन गावच्या घरी उतरला आणि १५-१६ दिवसांत त्यानं 'डिव्हर्टिमेंटो' लिहून काढला. आपण जुन्या काळच्या एखाद्या धनिकानं बोलावून ठेवलेल्या वादकासारखे इथे राहतो आहोत, असं त्यानं मुलाला कळवलं होतं. आणखी दोन आठवड्यांनी जर्मनी पोलंडमध्ये घुसली. ११ जून १९४० रोजी 'डिव्हर्टिमेंटो' बाझेलमध्ये पहिल्यांदा वाजला. जर्मनीची हद्द त्या शहराला लागूनच आहे. तीन दिवसांनी पॅरिस पडलं. त्याच शरद ऋतूत बार्टोक अमेरिकेला गेला तो परतला नाही.

झाखरनं १९४१पासून झुरिकमध्ये 'कॉलेगियुम मुझिकुम' हा दुसरा छोटा वाद्यवृंदही चालवला. जर्मनीची शहरं बेचिराख होत असताना ऐंशी वर्षांच्या रिचर्ड श्ट्राउसनं नेमक्या २३ तंतुवाद्यांसाठी (दहा व्हायोलिन, पाच व्हिओला, पाच चेलो, तीन डबल बास) 'मेटामॉर्फोझेन' लिहिलं, ते याच वाद्यवृंदासाठी. जानेवारी १९४६मध्ये ते प्रथम सादर झालं. रंगीत तालमीत म्हाताऱ्यानं स्वतः छडी हातात घेतली आणि प्रत्यक्ष मैफल झाखरवर सोडली.

बाझेलच्या वाद्यवृंदाची विशी जानेवारी १९४७मध्ये साजरी झाली. २१ तारखेला होनेगरची चौथी सिंफनी, तिच्यात बाझेलची लोकगीतं गुंफलेली, आणि त्याच दिवशी मार्टिनूची नवी रचना. २७ तारखेला स्ट्राविन्स्कीचा 'कॉन्चेर्तो इन डी'. एका आठवड्यात एवढं पीक काढणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही.

एवढं असूनही कंडक्टर म्हणून झाखरचं नाव टोस्कानिनी-फुर्टवेंगलरच्या पंक्तीत कुणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याचं संचालन नेटकं, प्रामाणिक, थोडं कोरडं. आवडीलाही कुंपण होतं. बारा स्वरांच्या पद्धतीनं लिहिणाऱ्या शोएनबर्गच्या पंथाला त्यानं सुरुवातीच्या दशकांत बेतानंच जवळ केलं. बूलेझशी गट्टी जमली ती पुढे. पण आपल्याहून मोठ्या माणसांकडे काय मागावं आणि मागून झाल्यावर कधी गप्प बसावं, हे त्याला कळत होतं. १९७६मध्ये त्याच्या सत्तरीला चेलोवादक रोस्ट्रोपोविचनं बारा संगीतकारांना एकेक तुकडा लिहायला सांगितला, तोही 'झाखर' नावाच्या अक्षरांतून निघणाऱ्या सहा स्वरांवर: ई फ्लॅट, ए, सी, बी, ई, डी. त्या बारांत ब्रिटन, बेरियो, लुटोस्लाव्स्की, बूलेझ अशी माणसं होती.

१९८३मध्ये झाखरच्या प्रतिष्ठाननं स्ट्राविन्स्कीचा सगळा दस्तऐवज ५२ लाख ५० हजार डॉलर मोजून घेतला. बाझेलच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकातल्या प्रतिष्ठानच्या वास्तूत वेबर्न आणि बूलेझ यांचीही हस्तलिखितं आहेत; विसाव्या शतकातल्या संगीतावर गंभीर काम करणाऱ्याला तिथे जावंच लागतं. वाद्यवृंद मात्र झाखरनं १९८७मध्ये स्वतःच बंद केला. वारस नेमून तो रेटत नेला नाही. स्वतः मात्र १९९९पर्यंत, त्र्याण्णव वर्षं जगला.

आज बाझेलमध्ये 'कामरऑर्केस्टर बाझेल' नावाचा जो वाद्यवृंद आहे, तो १९८४मध्ये तरुण वादकांनी वेगळ्या नावानं सुरू केलेला. हे नाव त्यानं १९९९मध्ये घेतलं. त्याचे वादक जुन्या रचनांसाठी आतड्याच्या तारा चढवतात आणि नव्या रचनांसाठी धातूच्या. जोव्हान्नी अंतोनीनीच्या संचालनाखाली, 'इल जार्दिनो आर्मोनिको' या इटालियन वाद्यवृंदाच्या जोडीनं, हे लोक हायडनच्या सगळ्या १०७ सिंफनी ध्वनिमुद्रित करताहेत. हायडनची तीनशेवी जयंती २०३२मध्ये आहे आणि तोवर काम संपवायचं ठरलेलं आहे.