गूढ शब्दकोडे : सूत्राची फोड कशी करायची?

साध्या शब्दकोड्यात शोधसूत्र म्हणजे शब्दाचा अर्थ. ब्रिटिश वृत्तपत्रांत रुजलेल्या गूढ शब्दकोड्यात मात्र एकाच उत्तराकडे दोन वाटा जातात. सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात अक्षरांची करामत.

मराठीत रचून पाहू : ‘पहिल्या सुरानंतर आंब्यातला खाण्याजोगा भाग, समुद्र (३)’. वाचताना मैफल, आमरस आणि कोकणचा किनारा डोळ्यांपुढे येतो. चकवा तिथेच आहे. पहिला सूर ‘सा’, आंब्यातला ‘गर’. जोडले की ‘सागर’. शेवटचा ‘समुद्र’ हा अर्थ. कंसातला आकडा अक्षरांचा. स्वल्पविरामाकडे खुशाल काणाडोळा करावा, तो बरेचदा दिशाभूल करायलाच बसवलेला असतो. ‘उलटी नदी गरीब (२)’ यात ‘उलटी’ हा इशारा : नदी फिरवली की ‘दीन’. ‘विस्कटलेले’, ‘बिथरलेले’ असे काही दिसले, तर शेजारच्या शब्दाची अक्षरे नव्याने जुळवून पाहावीत.

या प्रकाराला धार आणली एडवर्ड पोइस मॅदर्स यांनी. ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने ते १९२६ पासून १९३९ मध्ये निधन होईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचत होते. त्यांच्या जागी आलेल्या ‘झिमेनीझ’ने, म्हणजे डी. एस. मॅकनट यांनी, १९६६ च्या आपल्या पुस्तकात शिस्त घालून दिली : नेमका अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ आणि फालतू शब्द एकही नाही. म्हणून उत्तर सुचले तरी सूत्रातल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागेपर्यंत ते शाईने लिहू नका.