शनिवारचा सामना, सोमवारची नोकरी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार, ही तिथली बातमी आपल्याकडे गाजली. त्याच वेळी आणखी चार खेळांना मान्यता मिळाली. त्यातल्या एकाचे नाव बहुतेकांनी वाचून सोडून दिले असेल. तो खेळ म्हणजे लॅक्रॉस.

काठीच्या टोकाला जाळीची छोटी झोळी असते. तिच्यात चेंडू झेलायचा, पळत न्यायचा, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याच्या गोलात मारायचा, असा हा उत्तर अमेरिकेतला खेळ. मोठ्या मैदानावर तो एका संघात दहा जण घेऊन खेळला जातो. पण १९३० च्या दशकात कॅनडात त्याचा एक बंदिस्त प्रकार निघाला. आइस हॉकीची स्टेडियम उन्हाळ्यात ओस पडत, त्यांचा उपयोग करायचा म्हणून. हॉकीच्या त्याच कठड्यांच्या आत, कृत्रिम गवतावर, पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, असा हा ‘बॉक्स लॅक्रॉस’. नॅशनल लॅक्रॉस लीग ही त्याची व्यावसायिक स्पर्धा.

आरोग्याच्या सदरात हा खेळ आणण्याचे कारण वेगळे आहे. लीगमधले बहुतेक खेळाडू व्यावसायिक असले, तरी केवळ खेळावर त्यांचे घर चालत नाही. कोणी शाळेत शिकवतो, कोणी अग्निशमन दलात असतो. आठवडाभर नोकरी, शुक्रवारी किंवा शनिवारी विमान, सामना, पुन्हा विमान आणि सोमवारी कामावर हजर. असा हंगाम शरीर कसा पेलते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

बफेलोचा हंगाम

उदाहरण म्हणून बफेलो बॅंडिट्स हा संघ घेऊ. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅनडाच्या सीमेवर बफेलो शहर आहे. १९९२ पासून खेळणाऱ्या या संघाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले. त्यांचा २०२४-२५ चा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू झालेल्या लीगमध्ये साखळीच्या १८ सामन्यांचा होता. नंतर बाद फेरी आणि मे महिन्यात सास्काचेवान रशविरुद्ध तीन सामन्यांची अंतिम लढत. ती बफेलोने २-१ अशी जिंकली. म्हणजे जवळजवळ सहा महिने खेळाडूंचे शरीर याच चक्रात फिरत होते.

संघाचे प्रशिक्षक जॉन टवारेस यांना हे चक्र चांगलेच ठाऊक आहे. याच संघाकडून ते १९९२ ते २०१५ असे २४ हंगाम खेळले आणि त्या काळात कॅनडातल्या शाळेत गणितही शिकवत होते.

मैदानावर एक मिनिट, बाकावर दोन

सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. चेंडू हाती आल्यावर ३० सेकंदांत गोलवर फटका मारावाच लागतो, त्यामुळे खेळ मंदावत नाही. खेळाडू थोडा वेळ जीव तोडून पळतात आणि खेळ चालू असतानाच बाहेर येतात. त्यांच्या जागी दुसरे आत जातात.

या अदलाबदलीमागे शरीरशास्त्र आहे. पूर्ण जोर लावून पळताना पहिली काही सेकंदे स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या तयार साठ्यावर चालतात. तो झपाट्याने संपतो. मग स्नायू पुरेशा प्राणवायूविना साखर जाळू लागतात आणि पाय जड होतात. थांबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात हा साठा निम्मा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. हे भरण्याचे काम हृदय आणि फुप्फुसांनी आणलेल्या प्राणवायूवर होते. म्हणून ज्याचा दम चांगला, तो बाकावर लवकर ताजातवाना होतो.

गोलरक्षकाचे गणित निराळे. त्याचा गोल पावणेपाच फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे लहानच. पण चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा. तो पाच मीटरवरून ताशी १२५ किलोमीटर वेगाने आला, तर पोहोचायला ०.१४ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू सुटल्यावर प्रतिक्रिया द्यायला वेळच नसतो. गोलरक्षक फटका मारणाऱ्याचा खांदा, कंबर, काठीचा कोन वाचतो आणि चेंडू सुटण्याआधीच शरीर त्या वाटेत आणून ठेवतो. बफेलोचा गोलरक्षक मॅट विंक चाळिशी ओलांडल्यावरही विजेत्या संघात टिकून राहिला, याचे एक कारण इथे सापडते. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग थोडा उतरतो, पण अंदाज बांधण्याचे कौशल्य अनुभवाने वाढत जाते.

दुखणे सोमवारी का येते?

सामना शनिवारी रात्री संपतो, पण अंग सर्वाधिक ठणकते ते सोमवारच्या सुमारास. खेळाडू वर्गात फळ्यासमोर उभा असतो, तेव्हा. याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची आपली जुनी सवय आहे. प्रत्यक्षात व्यायामात वाढलेले लॅक्टेट तासाभरात जवळपास पूर्वपदावर येते. हृदय आणि यकृत ते वापरूनही टाकतात. उशिरा येणारे दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे आणि त्यानंतरच्या दाहाचे. ते २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरते. वेगात पळताना एकदम थांबणे, वळणे, यात स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यानेच या इजा अधिक होतात.

या दुरुस्तीतूनच स्नायू बळकट होतात, मात्र तिला वेळ मिळायला हवा. आठवड्यातून एक सामना, हे अंतर म्हणून उपकारक ठरते. अडचण येते ती मधले दिवस पूर्ण बैठे गेले तर. स्नायू काही आठवड्यांत जोर कमावतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे टेंडन त्यापेक्षा सावकाश तयार होतात. एरवी निवांत असलेल्या टेंडनवर आठवड्यातून एकदाच एकदम ताण आला, तर ते दुखावतात. म्हणून हे खेळाडू नोकरीच्या दिवसांतही आपापल्या गावी व्यायामशाळेत जातात. संघाचा एकत्र सराव मोजकाच होत असल्याने, तंदुरुस्ती ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

हरवलेली झोप

लीगचे संघ अटलांटिक किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हँकूव्हरपर्यंत पसरले आहेत. या दोन शहरांच्या घड्याळांत चार तासांचा फरक आहे. बफेलो आणि व्हँकूव्हर यांच्यात तीन तासांचा. शरीरातले घड्याळ नव्या वेळेशी दिवसाला साधारण एक तास जुळवून घेते. दोन दिवसांच्या दौऱ्यात ते बफेलोच्याच वेळेवर राहते. व्हँकूव्हरला संध्याकाळी सातला सामना सुरू होतो, तेव्हा शरीराच्या हिशेबाने रात्रीचे दहा वाजलेले असतात.

सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची सावधता आणि हालचालींतला ताळमेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका ढासळतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. अंगावर धडका आणि काठ्या येणाऱ्या खेळात अशी मंदावलेली सावधता घातक ठरते. झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक स्रवते आणि दुरुस्तीची कामे वेग घेतात. ती झोप मारून घेतलेला बर्फ, मालिश किंवा महागडी पूरके ही भरपाई होऊ शकत नाही.

डोक्याला लागते तेव्हा

या खेळात काठीच्या दांडीने रेटणे नियमात बसते आणि कठड्यावर आदळणे नेहमीचे. हेल्मेट कवटी वाचवते, पण आतल्या मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबवू शकत नाही. वारंवार बसणाऱ्या अशा हादऱ्यांचा संबंध पुढे मेंदूच्या ऱ्हासाशी असल्याचे संपर्काच्या इतर खेळांत आढळले आहे. आता जगभर मान्य असलेला नियम साधा आहे: हादऱ्याची शंका आली, तरी त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. पहिले एक-दोन दिवस हलका आराम, मग थोडे चालणे, मग पळणे, मग धडकेविना सराव, अशा पायऱ्या. शेवटी डॉक्टरांच्या परवानगीने सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. म्हणजे शनिवारी लागलेला मार पुढच्या शनिवारपर्यंत बरा होईलच असे नाही. नोकरी करणाऱ्याला तर संगणकाचा पडदा आणि वर्गातला गोंगाटही त्रास देतो.

औषध म्हणून खेळ

लॅक्रॉस मुळात हौदेनोसौनी लोकांचा. इंग्रजीत त्यांना इरोक्वा म्हणतात. बफेलोचा परिसर त्यांच्यापैकीच सेनेका लोकांचा मूळ प्रदेश. ते या खेळाला औषधाचा खेळ मानतात. कोणी आजारी असेल, समाजावर संकट असेल, तर बरे वाटावे म्हणून तो खेळला जाई आणि आजही खेळला जातो. बफेलोला २००८ चे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक डॅरिस किलगोर हे हौदेनोसौनी संघातल्या टस्करोरा लोकांपैकी.

खेळाला औषध म्हटले, की मात्रेचा प्रश्न येतोच. आधुनिक विज्ञानाने त्याचे काही मोजमाप केले आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून एक अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याचा शिफारस केलेला दीडशे मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम काहींनी बहुतांश एक-दोन दिवसांत उरकला होता, काहींनी आठवडाभर विभागला होता. हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे, अनियमित ठोके आणि पक्षाघात यांचा धोका दोन्ही गटांत जवळपास सारखाच कमी दिसला. म्हणजे ज्यांना शनिवार-रविवारच मिळतो, त्यांनी मन मारून घरी बसण्याचे कारण नाही.

मात्र बफेलोचे खेळाडू केवळ शनिवारवर विसंबत नाहीत, हे आपण घ्यावे. टर्फवर उतरणाऱ्यांनी मधल्या दोन दिवशी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा: उठाबशा, टाचा उचलणे, दंड, जमेल तेवढे. सामन्याआधी दहा मिनिटे सावकाश पळून, उड्या मारून अंग गरम करावे. बऱ्याच खंडानंतर खेळत असाल, तर पहिल्याच दिवशी तीन सामने खेळू नयेत. चाळिशी उलटली असेल, मधुमेह, रक्तदाब असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. खेळताना छाती भरून आली, चक्कर आली, तर ‘एवढी ओव्हर संपवतो’ म्हणू नये, तिथेच थांबावे. चेंडू डोक्याला लागला तर त्या दिवसाचा खेळ संपला, हे सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवावे. आणि रात्री अकराचा स्लॉट स्वस्त मिळतो म्हणून घेण्याआधी, दुसऱ्या दिवशी किती वाजता उठायचे आहे, एवढे मात्र पाहावे.